पानांवरच्या गाठी : झाडे कशी तगतात, कशी हरतात

मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्या मध्ये असलेल्या, वसई-पनवेल मार्ग डोक्यावरून नेणाऱ्या कोपर स्थानकाच्या आसपास, तसेच पुढे ठाकुर्ली-कल्याण आणि मागे ठाण्यापर्यंतच्या पट्ट्यात रस्त्यांच्या कडेला व गृहसंकुलांच्या कुंपणालगत जी झाडे आवर्जून लावली गेली, त्यांत सप्तपर्णीला मानाचे स्थान आहे. झपाट्याने वाढणारी, बारमाही हिरवी, चिकामुळे गुराढोरांनी तोंड न लावलेली आणि धुराधुळीला फारशी दाद न देणारी ही सातवीण शहरांच्या उद्यान विभागांना सोयीची वाटली, यात नवल नाही. मात्र या झाडाची पाने जवळून पाहिली, तर पुष्कळदा ती सपाट आढळत नाहीत. ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून थोराड, हिरवट-पिवळ्या गाठींनी ती भरून गेलेली असतात. काही पाने तर इतकी वेडीवाकडी झालेली असतात, की त्यांचा मूळ आकार ओळखू येऊ नये.

डोंबिवलीसारख्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी असे दृश्य दिसले की त्याचे खापर हवेतील प्रदूषणावर फोडले जाणे स्वाभाविक आहे. कोणाला तो बुरशीचा रोग वाटतो, कोणाला ती झाडाची ‘देवी’ वाटते. सप्तपर्णीच्या फुलांच्या उग्र वासाने आधीच त्रासलेल्या रहिवाशांना तर झाड तोडण्यासाठी हे आणखी एक कारण सापडते. वस्तुस्थिती वेगळी आहे. या गाठी एका कीटकाने करवून घेतलेल्या आहेत, धुराची मात्रा शून्य असलेल्या जंगलातील सातविणीवरही त्या येतात, आणि त्यांच्यामुळे मोठे झाड मरत नाही. परंतु याच प्रकारच्या, दिसायला याहूनही किरकोळ असलेल्या गाठींनी गेल्या पंचवीस वर्षांत दक्षिण भारतातील नीलगिरीची कोवळी लागवड खुरटवली आणि दूरच्या हवाई बेटांवर पांगाऱ्याच्या भाऊबंदांचे सांगाडे उभे केले. एक झाड गाठी अंगावर वागवत वर्षानुवर्षे उभे राहते आणि दुसरे दोन-तीन हंगामांत मान टाकते, असे का व्हावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा राहत नाही. कोणते झाड लावावे, कोणते राखावे आणि फवारणीवर पैसा खर्चावा की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

गाठ म्हणजे काय?

पान कुरतडणारी अळी झाडाचे जे आहे ते खाते. गाठ करणारा कीटक झाडाकडून नसलेले काहीतरी बांधून घेतो. मादी कोवळ्या पानात, देठात किंवा कळीत अंडे घालते. अंड्यासोबत सोडलेल्या द्रवामुळे, अथवा पुढे पिल्लाच्या लाळेमुळे, त्या जागेच्या पेशींची वाढ वेगळ्या वळणाला लागते. पेशी फुगतात, त्यांची संख्या वाढते, आणि पिल्लाभोवती एक बंद खोली तयार होते. अनेक गाठींत या खोलीच्या आतल्या भिंतीला प्रथिने, शर्करा व स्निग्ध पदार्थांनी समृद्ध अशा पेशींचे अस्तर असते, तर बाहेरची भिंत कठीण आणि तुरट असते. घर, कोठार आणि तटबंदी या तिन्ही गोष्टी झाडाच्या खर्चाने उभ्या राहतात. बांधकामाचे साहित्य झाडाचे, नकाशा मात्र कीटकाचा. म्हणूनच एकाच झाडावर दोन जातींच्या कीटकांनी केलेल्या गाठी आकाराने पूर्णपणे भिन्न असतात आणि जाणकार नुसती गाठ पाहून कीटक सांगू शकतो.

हा नकाशा झाडाला कसा कळवला जातो, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. वाढीची संप्रेरके, म्हणजे ऑक्सिन आणि सायटोकायनिन, यांत गुंतलेली आहेत, आणि काही गाठकरी कीटक ती स्वतःच्या शरीरात तयार करतात, असे दिसून आले आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतील जनेलिया संशोधन संकुलातील ऐश्वर्या कोरगावकर, डेव्हिड स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘विच हेझल’ या झुडपावर गाठी करणाऱ्या माव्याच्या लाळग्रंथींत प्रथिनांचे एक संपूर्ण नवे कुटुंब शोधून काढले. त्यांपैकी एका जनुकातील फरकावर गाठ लाल होणार की हिरवी, हे ठरते असेही त्यांना आढळले. रंग झाडाचा, पण त्याची कळ कीटकाच्या हातात, असा हा प्रकार आहे.

मराठी घरांना गाठी तशा परक्या नाहीत. बाळगुटीच्या साहित्यात सहाणेवर उगाळले जाणारे मायफळ हे फळ नव्हेच. पश्चिम आशियातील ओक वृक्षाच्या एका जातीवर चिमुकल्या माशीने करवलेली ती गाठ आहे. काकडशिंगी हीदेखील हिमालयाच्या पायथ्याकडील एका झाडावरची, माव्याने घडवलेली शिंगाच्या आकाराची गाठ. मायफळातील टॅनिन लोहाच्या क्षाराशी मिसळून युरोपात शतकानुशतके लिहिण्याची शाई बनवली जात असे. भारतातील गाठींचा पद्धतशीर धांडोळा घेण्याचे श्रेय प्रामुख्याने कीटकशास्त्रज्ञ एम. एस. मणी यांच्याकडे जाते. त्यांचा ‘इकॉलॉजी ऑफ प्लांट गॉल्स’ हा १९६४ मधील ग्रंथ जगभर संदर्भासाठी वापरला गेला.

सप्तपर्णीचा पाहुणा

सप्तपर्णीवरील गाठी करणारा कीटक सायला गटातील आहे. विदर्भातील संत्रा बागायतदारांना ज्या सायला किडीने जेरीस आणले, तिचा हा दूरचा नातलग. जुन्या ग्रंथांत त्याची नोंद पॉरोप्सिला ट्यूबरक्युलाटा या नावाने आढळते. अलीकडे त्याला स्यूडोफॅकोप्टेरॉन या प्रजातीत घातले जाते. मादी कोवळ्या पालवीवर अंडी घालते. बाहेर पडलेले पिल्लू सोंड खुपसून एका जागी बसते आणि भोवतालची पेशीसमूहांची भिंत वर चढून त्याला झाकून टाकते. आत पाच वेळा कात टाकून पंख फुटलेला सायला गाठ उकलली की बाहेर पडतो. तो चावत नाही, डसत नाही, आणि आंबा, जांभूळ वा कुंडीतील तुळस यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. गाठकरी कीटक बहुधा एकाच झाडाशी किंवा त्याच्या सख्ख्या जातींशी बांधलेले असतात. त्यामुळे सप्तपर्णीवरून ही ‘लागण’ आवारातील इतर झाडांना होईल, ही भीती निराधार आहे.

या झाडाचे नुकसान होत नाही असे मात्र नव्हे. गाठींनी भरलेले पान पुरेसे अन्न तयार करत नाही, ते लवकर पिवळे पडते आणि गळते. रोपवाटिकेतील किंवा नुकत्याच लावलेल्या रोपाला मोजकीच पाने असतात. त्यांतील निम्मी निकामी झाली तर वाढ खुंटते. वीस-पंचवीस फुटांच्या झाडाला पानांचा तोटा नसतो. शिवाय सातवीण ही या भूमीतली, आणि सायलाही इथलाच. दोघांचा सहवास फार जुना आहे आणि त्या सहवासात तिसराही आहे: गाठीत शिरून सायलाच्या पिल्लावर आपली अंडी घालणाऱ्या परोपजीवी माश्या.

शहरात सप्तपर्णीवर गाठी अधिक दिसण्यामागे प्रदूषणापेक्षा साधे कारण संभवते. जंगलात सातविणी विखुरलेल्या असतात. शहरात त्या एकाच रस्त्यावर ओळीने उभ्या असतात. त्यातच पावसाळ्यापूर्वीच्या फांदछाटणीनंतर सगळ्यांना एकाच वेळी लुसलुशीत फूट येते. एवढी मोठी पंगत मांडलेली असताना सायलाने येऊ नये, अशी अपेक्षा करणे जरा जादाच.

करंजाच्या पानांवर बोटांसारख्या उभ्या राहणाऱ्या गाठींचा उल्लेख येथेच केलेला बरा. त्या कीटकाच्या नसून डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्याच्या (माइट) आहेत. त्यांनीही झाड दगावत नाही.

झाडाचा प्रतिकार

झाडाला पळता येत नाही, पण त्याच्याकडे एकामागून एक असे अडथळे असतात. पहिला अडथळा मादीला अंडे घालू न देण्याचा. पानावरील मेणाचा थर, लव, पानातून उडणाऱ्या तेलांचा वास यांवरून मादी झाड निवडते किंवा नाकारते. दुसरा अडथळा वेळेचा आहे, आणि तो सर्वांत परिणामकारक म्हणावा लागेल. गाठ फक्त वाढत्या पेशींतूनच घडवता येते. पान एकदा जून झाले, की कीटकाचा नकाशा कितीही अचूक असला तरी गवंडीच उरत नाहीत. ज्या झाडाची पालवी थोडक्या दिवसांत फुटून जून होते, किंवा ज्याची पालवी कीटकांच्या हंगामाच्या आधी उरकते, ते झाड पुष्कळसे निभावून जाते. उलट खतपाण्याच्या जोरावर सतत फुटत राहणारे झाड आपली दारे सतत उघडी ठेवते.

तिसरा अडथळा विलक्षण आहे. अंडे किंवा नवजात पिल्लू जेथे असेल, त्याभोवतालच्या पेशी झाड स्वतःच मारून टाकते. पानावर तपकिरी ठिपका पडतो आणि मेलेल्या पेशींच्या वेढ्यात पिल्लू उपाशी मरते. गाठकरी कीटकाला जिवंत, वाढती पेशी लागते. तीच नाकारण्याची ही युक्ती आहे. असे ठिपके पाहून झाड रोगट आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ती जिंकलेल्या लढाईची खूण असू शकते. याहीपुढे फिनॉल वर्गातील तुरट संयुगांचा अडथळा असतो. परंतु कित्येक गाठकरी कीटक ही संयुगे गाठीच्या बाहेरच्या थरात ढकलून आतले अस्तर गोड राखतात. म्हणजे झाडाची विषेच त्यांची तटबंदी होतात.

प्रतिकार म्हणजे गाठी न येणे, ही समजूतही अपुरी आहे. द्राक्षवेलीवरील फिलॉक्सेरा या किडीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ही कीड अमेरिकेतून युरोपात पोहोचली आणि १८६० च्या दशकापासून फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त करत गेली. अमेरिकन वेलींच्या पानांवर तिच्या भरपूर गाठी येत, पण मुळे तग धरत. युरोपीय वेलींची पाने बहुतांशी स्वच्छ दिसत आणि मुळे कुजून वेल मरत असे. अखेर अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधूनच तेथील द्राक्षशेती वाचली. नाशिक-सांगलीचे बागायतदार आज डॉगरिज खुंटावर कलमे बांधतात, ती पाण्याची टंचाई व क्षार यांच्यासाठी. पण कलमी खुंटाची प्रथा जगभर रुळली ती या गाठकरी किडीमुळे. पानावरच्या गाठी मोजून झाडाचे भवितव्य सांगता येत नाही, ते असे.

नीलगिरीची कथा

नीलगिरी भारतात अठराव्या शतकाच्या अखेरीस, टिपू सुलतानाच्या काळात, नंदी टेकड्यांवर आली असे मानले जाते. तेथून ‘म्हैसूर गम’ नावाने ओळखली जाणारी तिची जात देशभर पसरली. कागदाच्या लगद्यासाठी, बल्ल्यांसाठी आणि सामाजिक वनीकरणाच्या काळात शेताच्या बांधावर ती महाराष्ट्रातही लागली. तिने पाणी किती प्यावे याबद्दल कितीही वाद झाले, तरी तिला कीड लागत नाही, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. तिच्या ऑस्ट्रेलियातील शत्रूंनी समुद्र ओलांडला नव्हता, एवढेच त्याचे कारण होते.

२००० मध्ये इस्रायलमध्ये नीलगिरीच्या कोवळ्या पानांच्या मधल्या शिरेवर व देठांवर गाठींच्या माळा दिसू लागल्या. त्या करणारी माशी विज्ञानाला अज्ञात होती. २००४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध होऊन लेप्टोसायब इन्व्हेसा असे नाव पडले. तोवर ती भारतातही पोहोचली होती. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात ती २००१ मध्ये आढळली आणि त्या दशकातच तमिळनाडू, आंध्र प्रदेशात तिचा उद्रेक झाला. नंतर महाराष्ट्र, गोवा, गुजरातसह उत्तरेपर्यंत तिच्या नोंदी झाल्या. गांधीलमाशीच्या गणातील, जेमतेम सव्वा मिलिमीटर लांबीची ही काळसर माशी. तिच्या बहुतेक साऱ्या माद्याच असतात आणि नराशिवाय त्या पुढची पिढी जन्माला घालतात; या गोष्टीचा संबंध त्यांच्या शरीरातील रिकेट्सिया गटातील जीवाणूंशी जोडला जातो. एक मादी नव्या मुलखात पोहोचली तरी वसाहत उभी राहते. रोपांच्या ट्रकमधून असा प्रवास किती सोपा आहे, हे सांगायला नको.

मादी कोवळ्या पानाच्या शिरेत अंडी घालते. आठवड्या-दोन आठवड्यांत तेथे बुचासारखा खरखरीत डाग दिसतो, मग चकचकीत हिरवी गाठ फुगते, ती गुलाबी होते, नंतर लालसर निस्तेज होते आणि शेवटी तिला गोल छिद्रे पडून माश्या बाहेर येतात. इस्रायलमधील निरीक्षणांत अंड्यापासून माशीपर्यंतच्या प्रवासास सरासरी १३२ दिवस लागले. गाठींच्या भाराने शेंडे वाकतात, पाने चुरगळतात आणि रोप सरळ वाढण्याऐवजी झुडपासारखे पसरते. लगद्यासाठी सरळ खोड हवे असते. शेतकऱ्याचे उत्पन्न तेथेच बुडते. सर्वाधिक फटका बसतो तो रोपवाटिकेला, पहिल्या दोन-तीन वर्षांच्या लागवडीला आणि तोडीनंतर बुंध्यावर येणाऱ्या फुटव्यांना. जुन्या, उंच झाडांवर गाठी आल्या तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. वेळेचा अडथळा येथे स्पष्ट दिसतो: जेथे कोवळी फूट हेच सर्वस्व आहे, तेथे झाड हरते.

या उद्रेकात आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसली. बियांपासून वाढवलेल्या नीलगिरीत प्रत्येक झाड थोडे वेगळे असते. गाठींनी लगडलेल्या झाडाशेजारी जवळपास स्वच्छ झाड उभे असलेले दिसे. १९९० च्या दशकापासून मात्र कागद कंपन्यांनी निवडक झाडांच्या फांद्यांपासून तयार केलेल्या एकजात रोपांची, म्हणजे क्लोनची, लागवड वाढवली. उत्पादन वाढले, खोडे सरळ व सारखी आली. पण क्लोनचे शेत म्हणजे एकाच झाडाच्या हजारो प्रती. त्या झाडाकडे माशीला तोंड देण्याचा गुण असेल तर सारे शेत वाचते. नसेल तर एकही रोप सुटत नाही. काही लोकप्रिय क्लोन असेच बळी पडले आणि लागवडीतून बाहेर गेले. कोइमतूरची वन अनुवंशशास्त्र व वृक्षप्रजनन संस्था आणि बंगळूरची काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्था यांनी क्लोन व जाती तपासल्या, तेव्हा कामाल्डुलेन्सिस आणि टेरेटिकॉर्निस या जाती व त्यांचे अनेक संकर नाजूक ठरले. लिंबासारखा वास येणारी सिट्रिओडोरा मात्र अबाधित राहिली. तिला आता नीलगिरीपासून वेगळ्या, कोरिम्बिया नावाच्या प्रजातीत गणले जाते. सारांश, ‘नीलगिरीला गाठी येतात’ हे विधान अर्धवट आहे. कोणत्या नीलगिरीला, हे विचारावे लागते.

फवारणीने प्रश्न सुटला नाही. अळी गाठीच्या आत सुरक्षित, माश्या सतत वेगवेगळ्या वेळी बाहेर पडणाऱ्या, आणि क्षेत्र शेकडो एकरांचे. स्पर्शाने मारणारी औषधे भिंतीबाहेरच वाया जात. उपाय सापडला तो माशीच्या माहेरीच, ऑस्ट्रेलियात. तेथून इस्रायलने नेलेली क्वाड्रास्टिकस मेंडेली ही परोपजीवी माशी भारतात आणली गेली. बंगळूर येथील राष्ट्रीय पातळीवरील कृषी कीटक संस्थेने कागद उत्पादकांच्या संघटनेच्या सहकार्याने ती लागवडींत सोडली. मेगास्टिग्मस प्रजातीतील स्थानिक माश्याही या गाठींकडे वळल्या. नाजूक क्लोन मागे पडणे आणि शत्रूंची संख्या वाढणे या दोन्हींमुळे पुढील वर्षांत दक्षिणेतील उद्रेकाचा जोर ओसरला.

पांगाऱ्याची शोकांतिका

या मित्रमाशीचीच एक भावकी पांगाऱ्याची वैरीण आहे, हा निसर्गाचा एक गमतीदार योग. क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी या माशीचे वर्णनही २००४ मध्येच, सिंगापूर, मॉरिशस व रियुनियन येथील नमुन्यांवरून झाले. पुढच्याच वर्षी ती हवाईत पोहोचली. तेथील ‘विलिविली’ हा पांगाऱ्याचा देशी भाऊबंद आणि रस्त्याकडेचे शोभेचे पांगारे तिच्यापुढे अक्षरशः कोसळले. एक पिढी सुमारे तीन आठवड्यांत पुरी करणारी ही माशी झाडाला सावरायला उसंतच देत नव्हती. फुटलेला प्रत्येक कोंब गाठीत रूपांतरित होई आणि साठवलेले अन्न संपले की झाड मरे. केरळात मिरीच्या वेलांना आधार म्हणून लावलेल्या पांगाऱ्यांवर ती २००५-०६ च्या सुमारास आढळली आणि मळेवाल्यांना आधाराची दुसरी झाडे शोधावी लागली.

हवाईने टांझानियातून युरिटोमा एरिथ्रिनी ही परोपजीवी माशी आणून, तिची कसून तपासणी करून नोव्हेंबर २००८ मध्ये सोडली. विलिविलीची पालवी पुन्हा निरोगी फुटू लागली. फुलांवर व बियांवर गाठींचा उपद्रव मात्र काही प्रमाणात राहिला. तोपर्यंत मेलेली झाडे अर्थातच परत आली नाहीत. कोकणात पांगारा कुंपणाला आणि होळीच्या सुमारास डोळ्यांना लागतो. त्याच्या शेंड्यांवर फुगीर, मांसल गाठी दिसल्या तर त्या सप्तपर्णीच्या गाठींइतक्या निश्चिंतपणे घेता येणार नाहीत. नवा कीटक, परके शत्रू आणि वेगवान पिढ्या, हे तिन्ही जुळून आले की इतर वेळी चिवट असलेले झाडही हरते.

घरची उदाहरणे

देशी कीडही परिस्थितीने डोईजड होऊ शकते. गडचिरोली-भंडाऱ्याकडे टसर रेशमाचे किडे ऐन व अर्जुन या झाडांवर पोसले जातात. या झाडांवर ट्रायोझा फ्लेचेरी हा सायला गाठी करतो. जंगलातल्या ऐनाला त्याचे विशेष काही वाटत नाही. पण किड्यांना कोवळा पाला मिळावा म्हणून ज्या झाडांची छाटणी केली जाते, त्यांवर गाठी वाढतात आणि पाल्याचा कस उतरतो. झाड तेच, कीड तीच. झाडाकडून घेतले जाणारे काम बदलले, म्हणून नुकसान वाढले.

कोकणातील आंबा बागायतदार मिजमाशीला ओळखतात. मोहोरावर येणाऱ्या मिजमाशीची अळी वाढ पूर्ण झाली की कोषात जाण्यासाठी जमिनीत उतरते. म्हणून झाडाखालची जमीन उकरणे किंवा तेथे प्लॅस्टिक अंथरणे हा उपाय वरच्या फवारणीइतकाच महत्त्वाचा ठरतो. किडीच्या आयुष्यात ती गाठीबाहेर नेमकी केव्हा असते, हे ठाऊक असल्याचा हा फायदा.

भाताच्या शेतकऱ्यांचा अनुभव सर्वांत जुना आहे. गादमाशीमुळे भाताच्या फुटव्याचा चंदेरी पोंगा होतो आणि त्याला लोंबी येत नाही. तो पोंगा म्हणजेही गाठच. तिला दाद न देणारे वाण निघाले, पण त्यांवर मात करणारे गादमाशीचे नवे प्रकारही निघाले. भारतात असे सात प्रकार ओळखले गेले आहेत. भाताचा वाण चार-सहा वर्षांत बदलता येतो. झाडाची लागवड एकदा केली की ती दशकभर किंवा त्याहून अधिक काळ जागची हलत नाही, आणि त्या अवधीत माशीच्या कित्येक पिढ्या होऊन जातात. म्हणूनच गाठींना न जुमानणारा क्लोन सापडला, तरी सारे रान त्याच एका क्लोनने भरणे शहाणपणाचे नाही. चार-पाच वेगवेगळ्या क्लोनचे पट्टे लावावेत, असा सल्ला वनशास्त्रज्ञ देतात तो यामुळे.

शहरात काय करावे?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील मोठ्या सप्तपर्णीवरील गाठींसाठी फवारणी करू नये, हे सर्वांत आधी सांगायला हवे. उंच झाडावर मारलेले औषध खिडक्यांत, पाण्याच्या टाक्यांत आणि खाली खेळणाऱ्या मुलांवर उतरते. गाठीतील पिल्लू सुखरूप राहते आणि त्याच्यावर टपलेली परोपजीवी माशी मात्र मरते. बुंध्यात औषध टोचण्याची पद्धत हवाईत मोलाची झाडे वाचवण्यासाठी वापरली गेली. पण जे झाड मरणारच नाही, त्याच्यासाठी तो खर्च आणि बुंध्याला भोके पाडणे कशाला? गाठी आल्या हे झाड तोडण्याचे कारणही होऊ शकत नाही. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठीच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना झाड तोडता येत नाही.

लहान रोपांची गोष्ट निराळी. रोप घेतानाच शेंडे व पानांच्या पाठी पाहाव्यात. गाठी असलेले रोप स्वस्त मिळाले तरी नको. लावलेल्या रोपावर गाठी दिसल्या तर हिरव्या, न उकललेल्या गाठींची पाने तोडावीत, पण एकाच वेळी रोप बोडके करू नये. युरियाचा मारा टाळावा, कारण त्याने येणारी भुसभुशीत फूट हेच सायलाला आमंत्रण असते. रस्त्याच्या एका बाजूला शंभर सप्तपर्णी लावण्याऐवजी त्यांच्यामध्ये बहावा, ताम्हण, कडुनिंब, मोहा असे आलटूनपालटून लावले, तर एका झाडावरचा कीटक दुसऱ्यापर्यंत पोहोचायला तितकाच अवघड होतो. छाटणी सगळ्या रस्त्याची एका दमात न करता टप्प्याने केली, तरी पंगत मोडते.

तोडलेली पाने जाळून टाकण्यापूर्वी एकदा निरखून पाहावीत. सप्तपर्णीची गाठ उकललेली असेल, तर आतून सायला गेला. गाठ बंदच असून तिला टाचणीने पाडावे तसे एक बारीक गोल भोक असेल, तर बाहेर पडली ती बहुधा सायलाला खाऊन वाढलेली परोपजीवी माशी. अशा भोकांच्या गाठी जास्त सापडू लागल्या, की ती पाने झाडाखालीच राहू द्यावीत. विदर्भात भाताच्या शेतकऱ्यांना कृषी शास्त्रज्ञ हेच सांगतात: प्लॅटिगॅस्टर ओरायझी ही माशी ज्यांच्यात वाढते आहे असे गादमाशीचे पोंगे गोळा करून दुसऱ्या शेतात नेऊन सोडावेत.